आयर्लंडचे वैर आणि आयर्लंडचा शेजार

सन १८०३ च्या सप्टेंबर महिन्यात, जालन्याचा कोट कर्नल स्टीव्हन्सनच्या ताब्यात जाऊन तीन आठवडेही लोटले नव्हते, तोच २१ तारखेस बदनापूरच्या मुक्कामी त्याची आणि मेजर-जनरल आर्थर वेल्स्ली याची भेट झाली आणि उभयतांनी असा बेत मुक्रर केला की, दोन फौजांनी दोन निरनिराळ्या वाटांनी उत्तरेकडे कूच करावे आणि २४ तारखेस भोकरदनच्या आसमंतात दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या एकवटलेल्या सैन्याला गाठावे. बेत जसाच्या तसा पार पडला नाही. २३ तारखेसच केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या दुआबात पसरलेली मराठी छावणी वेल्स्लीच्या दृष्टीस पडली, आणि स्टीव्हन्सनची वाट न पाहता त्याने लढाईस तोंड लावले. नदीच्या समोरासमोरच्या काठांवर दोन गावे वसलेली दिसतात त्या अर्थी त्यांच्या दरम्यान उतार असलाच पाहिजे, एवढ्या अनुमानावर त्याने केळणा ओलांडली. पलीकडे पोलमन नामक हॅनोव्हरवासी सरदाराच्या हाताखाली कवायत शिकलेल्या शिंद्यांच्या पलटणी आणि सुमारे शंभर तोफा त्याची वाट पाहत होत्या. सायंकाळपर्यंत कंपनीच्या बाजूची ४२८ माणसे मृत्युमुखी पडली होती आणि ११३८ जखमी झाली होती. मराठ्यांची हानी याहून कितीतरी मोठी होती, आणि त्यांच्या ९८ तोफा शत्रूच्या हाती लागल्या होत्या. असई हे लहानसे गाव त्या दिवसापासून युरोपच्या लष्करी इतिहासात दाखल झाले, आणि पुढे वॉटर्लू जिंकलेल्या याच सेनापतीने वार्धक्यातही आपल्या साऱ्या रणकर्तृत्वात असईलाच अग्रपूजेचा मान दिला.

या लढाईला आपण इंग्रजांची लढाई म्हणतो, आणि राज्याच्या हिशेबाने ते यथार्थही आहे. परंतु त्या दिवशी ज्याच्या हुकमावरून पलटणी हलल्या तो पुरुष जन्माने इंग्लंडचा नव्हता. १७६९ साली डब्लिन शहरात जन्मलेला, मीथ परगण्यातील डँगनच्या गढीचा वारसा सांगणारा आणि डब्लिनच्या पार्लमेंटात ट्रिम गावचा प्रतिनिधी म्हणून बसून आलेला तो एक आयरिश सरदारपुत्र होता. कलकत्त्यास गव्हर्नर-जनरलच्या आसनावर विराजमान झालेला त्याचा ज्येष्ठ बंधू रिचर्ड हाही आयर्लंडचाच. म्हणजे दुसऱ्या मराठा-इंग्रज युद्धाची आखणी ज्याने केली आणि जालन्याच्या काळ्या मातीत ती ज्याने तडीस नेली, ते दोघे सख्खे भाऊ आयरिश होते, आणि तरीही कॅथलिक रयतेवर जमीनदारी गाजविणाऱ्या ज्या प्रॉटेस्टंट वर्गाच्या खांद्यावर आयर्लंडातील इंग्रजी हुकमत उभी होती, त्याच वर्गाचे ते घटक होते. याच आर्थरने पुढे इंग्लंडचा मुख्य प्रधान झाल्यावर, १८२९ साली, कॅथलिकांना पार्लमेंटची दारे उघडी करणारा कायदा, स्वपक्षाचा रोष पत्करून, मंजूर करवून घेतला. आयर्लंड आणि ब्रिटन यांच्या संबंधाचा विचार करू लागले की असे दुहेरी विणलेले धागे पावलोपावली हाती येतात, आणि त्यांतला एकच ओढून वस्त्राचा रंग सांगू पाहणाऱ्याची फसगत होते. हे विधान राजकारणाविषयी जितके खरे आहे, त्याहून अधिक संगीत आणि खेळ यांविषयी खरे आहे, आणि म्हणूनच या लेखात त्यांचा विचार करावयाचा आहे.

संगीताचा धागा तर थेट असईच्या सेनापतीच्या घरातूनच निघतो. त्याचा पिता गॅरेट वेस्ली, अर्ल ऑफ मॉर्निंग्टन, हा आपल्या काळचा नाणावलेला संगीतरचनाकार होता, आणि १७६४ साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात संगीताचे अध्यासन निर्माण झाले तेव्हा त्यावर पहिली नेमणूक त्याचीच झाली. पुत्रालाही व्हायोलिनचा नाद होता. परंतु १७९३ च्या सुमारास, लष्करी पेशाला सर्वस्व वाहावयाचे असा निश्चय करून त्याने आपली व्हायोलिने स्वहस्ते अग्नीच्या स्वाधीन केली. त्या काळचे डब्लिन हे संगीतात लंडनच्या खालोखाल मानले जाणारे शहर होते. हँडेलचा ‘मसाया’ हा जगद्विख्यात धर्मसंगीतप्रबंध सर्वप्रथम गायिला गेला तो लंडनला नव्हे, तर १३ एप्रिल १७४२ रोजी डब्लिनच्या फिशॅम्बल स्ट्रीटमधील सभागृहात.

या नागर संगीताच्या बाहेर, खेडोपाडी, गेलिक भाषेच्या छायेत वाढलेले एक दुसरे संगीत होते, आणि त्याचे उपासक होते वीणेसारखे हार्प वाद्य घेऊन जमीनदारांच्या वाड्यांवर फिरणारे वादक. त्यांच्यात अंध असलेल्यांची संख्या मोठी होती. टर्लो ओ’कॅरोलन हा त्यांतला सर्वश्रेष्ठ वादकही अंधच होता. ही परंपरा नष्टप्राय होत चालली आहे हे ध्यानी घेऊन १७९२ साली बेलफास्टला उरल्यासुरल्या हार्पवादकांचा मेळा भरविण्यात आला, त्याला दहा-अकरा वादकच जमले, आणि त्यांच्या चाली लिहून घेण्याचे काम एडवर्ड बंटिंग नावाच्या अवघ्या एकोणीस वर्षांच्या तरुणाकडे सोपविले गेले. बंटिंगने ते पुढे जन्मभर केले. त्याच्या संग्रहातील चाली घेऊन टॉमस मूर या डब्लिनच्या कवीने १८०८ पासून इंग्रजीत जी गीते रचली, ती लंडनच्या उमरावांच्या दिवाणखान्यांत इतक्या हौसेने गायिली गेली की, ज्या देशाला नुकतेच १८०१ साली ‘युनियन’च्या कायद्याने पार्लमेंटविरहित करण्यात आले होते, त्याचे दुःख राज्यकर्त्यांच्याच मुलीबाळी पियानोवर आळवू लागल्या. कित्येक आयरिश टीकाकारांनी मूरला यासाठी दोष दिला आहे. मला तो दोष मान्य करवत नाही. कारण लिपिबद्ध होऊन परक्या कंठात गेलेली चाल निदान जिवंत राहते आणि पुढच्या पिढीला तिच्या मूळ ठिकाणाकडे परत नेऊ शकते.

सरदारांच्या मागोमाग रयतही समुद्रापार गेली. दारिद्र्य, खंडाचा बोजा आणि लहान होत गेलेली शेते यांमुळे आयरिश तरुणांपुढे फौजेची नोकरी हाच एक राजमार्ग उरला होता, आणि १८३० च्या सुमारास ब्रिटिश लष्करातील दर पाच शिपायांत दोन आयरिश होते. नोकरी शोधणारा आयरिश माणूस केवळ इंग्रजांकडेच गेला असेही नाही. टिपरेरी परगण्यातील जॉर्ज टॉमस हा जहाजावरून पळालेला दर्यावर्दी मराठ्यांचे उत्तरेकडील सरदार अप्पा खंडेराव यांच्या पदरी राहिला, आणि पुढे हांसीला स्वतःचे लहानसे राज्यही स्थापून बसला. परंतु महाराष्ट्राशी याहून निकटचा ऋणानुबंध एका पलटणीचा आहे. १६६२ साली पोर्तुगीजांकडून मुंबई बेट ताब्यात घेण्यासाठी जे शिपाई आले आणि १६६८ साली कंपनीच्या चाकरीत दाखल झाले, त्यांच्यापासून कंपनीची मुंबईची युरोपियन पलटण निर्माण झाली. हीच पलटण ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या मैदानावर पेशव्यांच्या फौजेविरुद्ध उभी होती. आणि १८८१ साली लष्कराची पुनर्रचना झाली तेव्हा तिला ‘रॉयल डब्लिन फ्युजिलियर्स’ची दुसरी बटालियन असे नाव मिळाले. पेशवाईच्या अस्ताची खूण असलेले खडकीचे नाव अशा रीतीने डब्लिनच्या पलटणीच्या सन्मानांत समाविष्ट झाले, आणि १९२२ साली आयर्लंड स्वतंत्र होताच ती पलटण बरखास्त झाली तोपर्यंत ते तेथे राहिले.

मराठी वाचकाला आयर्लंडची ओळख झाली ती मात्र या शिपायांमार्फत नव्हे, तर वृत्तपत्रांमार्फत आणि स्वराज्याच्या चळवळीमार्फत. साहित्यसम्राट न. चिं. केळकर यांनी ‘आयर्लंडचा इतिहास’ हा ग्रंथच लिहिला. लोकमान्यांनी बेळगावास होमरूल लीगची स्थापना केली ती २८ एप्रिल १९१६ रोजी, केळकर तिचे चिटणीस झाले, आणि ‘होमरूल’ हे नावही आयरिश चळवळीकडूनच घेतलेले होते. नेमक्या त्याच आठवड्यात, २४ एप्रिलपासून, डब्लिनच्या रस्त्यांवर ईस्टरचा सशस्त्र उठाव चालू होता आणि बेळगावच्या सभेच्या दुसऱ्याच दिवशी बंडखोरांनी शस्त्रे खाली ठेवली. त्यामुळे आपल्या वाडवडिलांच्या मनात आयर्लंड म्हणजे जुलमाविरुद्ध उठलेले राष्ट्र, अशी जी प्रतिमा ठसली ती रास्तच होती. परंतु उठलेल्या त्या राष्ट्राने जुन्या राज्यकर्त्यांच्या शेजाराचे पुढे काय केले, हा प्रश्न तिच्यात अनुत्तरित राहतो, आणि त्याचे उत्तर शोधावयाचे तर फुटबॉलच्या मैदानावरच गेले पाहिजे.

हिंदुस्थानात फुटबॉल आला तो गोऱ्या पलटणींबरोबर. मुंबईत १८९१ साली रोव्हर्स कप सुरू झाला. कलकत्त्यास १८९३ साली आय. एफ. ए. शील्डची पहिली स्पर्धा झाली आणि ती जिंकली ‘रॉयल आयरिश रायफल्स’ या पलटणीने. खुद्द आयर्लंडात या खेळाने प्रथम मूळ धरले ते उत्तरेकडील औद्योगिक बेलफास्टमध्ये. तेथे १८८० साली आयरिश फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली, आणि १८८२ साली इंग्लंडविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात आयर्लंडचा १३ विरुद्ध ० असा दारुण पराभव झाला. राष्ट्रीय वृत्तीच्या लोकांना हा इंग्रजी खेळ परधर्मासारखा वाटला. १८८४ साली थर्ल्स येथे मायकेल क्यूसॅक प्रभृतींनी गेलिक ॲथलेटिक असोसिएशन स्थापन केली, हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल या देशी खेळांना नियमबद्ध केले आणि धर्मग्रामागणिक एकेक क्लब काढला. कोल्हापुरात पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम यांच्या सामन्यांत पेठेचा अभिमान कसा उफाळून येतो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या क्लबांमागील निष्ठेची कल्पना सहज येईल. या संस्थेने नियमच केला की, जो सभासद फुटबॉल, रग्बी, क्रिकेट असले ‘परदेशी’ खेळ खेळेल अथवा पाहावयास जाईल त्याला बहिष्कृत करावे. त्या कठोरपणामागे उगाच हट्ट नव्हता, आणि पुढील काळात तर त्याला रक्ताचे कारण मिळाले: २१ नोव्हेंबर १९२० रोजी डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर गेलिक फुटबॉलचा सामना चालू असता सरकारी दलांनी गोळीबार केला आणि चौदा माणसांचे प्राण घेतले. तरीसुद्धा नियमाने आपली पायरी ओलांडली असे वाटावयास लावणारा प्रसंग १९३८ साली आला. डग्लस हाइड हे गेलिक भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी जन्म वेचलेले विद्वान तेव्हा आयर्लंडचे राष्ट्राध्यक्ष होते. आयर्लंड-पोलंड हा फुटबॉल सामना ते राष्ट्रप्रमुख या नात्याने पाहावयास गेले, आणि असोसिएशनने त्यांना आपल्या आश्रयदातेपदावरून दूर केले. ज्या पुरुषाइतकी गेलिक संस्कृतीची सेवा त्या संस्थेतल्या फारच थोड्यांनी केली असेल, त्याची ही संभावना वाचताना आजही मन विषण्ण होते. बहिष्काराचा तो नियम अखेर १९७१ साली उठला.

बंदीला न जुमानता फुटबॉल मात्र वाढतच राहिला, आणि उत्तरेचा भाग ब्रिटनकडेच राहून देशाची फाळणी झाली तेव्हा देशाबरोबर तोही दुभंगला. १९२१ साली शेलबर्न या डब्लिनच्या संघाचा सामना पुन्हा खेळविण्याची पाळी आली, तेव्हा तो डब्लिनला घेण्याऐवजी बेलफास्टलाच घ्यावा असा हुकूम सुटला; शेलबर्नने तो मानला नाही, आणि या वादातून डब्लिनकरांनी आपली स्वतंत्र फुटबॉल असोसिएशन काढली. तेव्हापासून एका बेटाचे दोन राष्ट्रीय संघ झाले. गंमत अशी की, १९५० पर्यंत दोन्ही संघ स्वतःला आयर्लंड म्हणवीत आणि एकमेकांच्या मुलखातील खेळाडूही घेत. डब्लिनच्या जॉनी कॅरी या खेळाडूचे चरित्र या संदर्भात मननीय आहे. तो मँचेस्टर युनायटेडचा कर्णधार होता. दुसऱ्या महायुद्धात स्वदेश तटस्थ असता त्याने ब्रिटिश फौजेत नोकरी केली. २८ सप्टेंबर १९४६ रोजी तो बेलफास्टला एका आयर्लंडतर्फे इंग्लंडविरुद्ध खेळला आणि एकच दिवस मध्ये टाकून ३० तारखेस डब्लिनला दुसऱ्या आयर्लंडतर्फे पुन्हा त्याच इंग्लंडविरुद्ध खेळला. २१ सप्टेंबर १९४९ रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर आयर्लंडने इंग्लंडला २-० असे हरविले तेव्हा आयरिश संघाचा कर्णधार हाच होता. इंग्लंडच्या भूमीवर इंग्लंडला हरविणारा हा ब्रिटनच्या चार गृहसंघांबाहेरचा पहिला संघ, आणि तो घडला होता मुख्यतः इंग्रजी क्लबांत पोट भरणाऱ्या खेळाडूंतून.

ही गुंतागुंत स्कॉटलंडमध्ये आणखी दाट झालेली दिसते. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात दहा लाख माणसे मेली आणि तितकीच परागंदा झाली. त्यांतले हजारो लोक ग्लासगोला येऊन पडले, आणि त्यांच्या भुकेल्या मुलांना जेवण मिळावे म्हणून स्लायगोकडच्या ब्रदर वॉल्फ्रिड या धर्मसेवकाने १८८७ साली जो क्लब काढला तो म्हणजे आजचा सेल्टिक. निर्वासितांची ही पिढ्यान्‌पिढ्यांची वस्तीच शंभर वर्षांनी आयर्लंडच्या उपयोगी पडली. आजोबा-आजी आयरिश असले तरी नातवाला आयर्लंडतर्फे खेळता येते, या नियमाचा लाभ घेऊन १९८६ साली नेमलेल्या जॅक चार्ल्टनने संघ बांधला. आणि हा चार्ल्टन कोण, तर १९६६ साली इंग्लंडने विश्वचषक जिंकला त्या संघातील अस्सल इंग्रज. १२ जून १९८८ रोजी स्टुटगार्टला आयर्लंडने इंग्लंडवर १-० अशी मात केली. गोल करणारा रे हॉटन ग्लासगोत जन्मलेला होता, आणि योजना करणारा इंग्रज होता. दोन वर्षांनी हाच संघ विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. ज्या देशात इंग्रजी खेळ पाहणे हा एके काळी द्रोह मानला गेला, त्या देशाने एका इंग्रजाला मानद नागरिकत्व बहाल केले, आणि २०२० साली तो निवर्तला तेव्हा आपलाच माणूस गेल्यासारखा शोक केला.

संगीताचेही असेच घडले. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनची पडलेली घरे आणि रस्ते बांधावयास जे आयरिश मजूर गेले, त्यांनी कॅमडन टाउनच्या मद्यगृहांत संध्याकाळच्या बैठका सुरू केल्या. बेडफर्ड आर्म्स येथे मायकेल गॉर्मनचे फिडल आणि मार्गारेट बॅरीचा बँजो ऐकावयास इंग्रज श्रोतेही येऊ लागले. ज्या चाली आयर्लंडच्या खेड्यांत घराघरांतून वेगवेगळ्या वाजत, त्या लंडनच्या एका खोलीत परस्परांना भेटल्या; केरीचा वादक स्लायगोची चाल शिकला. १९५१ पासून शेमस एनिस हा थोर पाइपवादक बी. बी. सी.च्या चाकरीत राहून आयर्लंड आणि ब्रिटन या दोन्ही बेटांतील लोकगीते ध्वनिमुद्रित करीत फिरला, म्हणजे आयरिश परंपरेच्या रक्षणाचा काही खर्च ब्रिटिश खजिन्यातून झाला. १९८२ साली लंडनच्या किंग्ज क्रॉस भागात ‘द पोग्ज’ हा वाद्यवृंद निघाला. त्याचा गायक शेन मॅकगोवन इंग्लंडातील केंट परगण्यात जन्मला होता, आणि आयरिश आईबापांची गाणी त्याने लंडनच्या तरुणांच्या पंक रागात मिसळून डब्लिनला परत धाडली.

क्रोक पार्कनेही आपली दारे उघडली. २४ फेब्रुवारी २००७ रोजी, जेथे १९२० साली गोळ्या झाडल्या गेल्या त्याच मैदानावर, आयर्लंड-इंग्लंड रग्बी सामन्यापूर्वी इंग्लंडच्या राणीचे गीत वाजले. काय होईल या शंकेने सारा देश धास्तावला होता. परंतु ऐंशी हजारांच्या समुदायाने ते गीत आदराने ऐकून घेतले, आणि नंतर आयर्लंडने सामना ४३-१३ असा जिंकला.

हे सारे मराठवाड्याच्या माणसाने लक्षपूर्वक वाचावे असे मला वाटते, कारण त्याच्या अनुभवात याचे एक प्रतिरूप आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची हुकमत संपली. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली झालेल्या त्या लढ्यात रझाकारांचे अत्याचार मराठवाड्याच्या गावोगाव सोसले गेले, आणि ते विसरावे असे कोणीही म्हणणार नाही. परंतु दोनशे वर्षांहून अधिक काळचा हैदराबादचा सहवास केवळ जुलमाचा नव्हता. मनमाड-काचीगुड्याच्या लोहमार्गाने जालन्याचा व्यापार हैदराबादेशी जोडला. उस्मानिया विद्यापीठात मराठवाड्याची पोरे उर्दूतून कायदा आणि गणित शिकली. दर्ग्यांच्या उरुसांत कव्वालीच्या बैठकी हिंदू-मुसलमानांनी मांडीला मांडी लावून ऐकल्या. आणि दख्खनी बोलीत बायकांनी जात्यावर आणि चरख्यावर म्हणावयाची जी सूफी गीते होती, ती चक्कीनामे आणि चरखानामे, आपल्या ओव्यांच्या शेजारीच वाढली. मुक्तीनंतर काही वर्षांनी मराठवाडा प्रथम द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात आला, हे न्याय्य झाले. पण त्या सहवासातील सांस्कृतिक ठेव्याकडे मात्र आपण संकोचाने पाहत राहिलो, जणू तो जपला तर निजामाची सत्ता मान्य केल्यासारखे होईल. आयर्लंडने हा संकोच टाकला, तो रोषाला जागा ठेवूनच. त्याने १९३५ साली लोकवाङ्मय संग्रहासाठी सरकारी आयोग नेमला, १९८७ साली डब्लिनला पारंपरिक संगीताचा स्वतंत्र संग्रह उभा केला, आणि त्याच्या दप्तरांत लंडन, ग्लासगो, लिव्हरपूल येथे वाजलेले आयरिश संगीतही तितक्याच अगत्याने जमा केले.

आपल्याकडे निजामी अमदानीत उर्दू शाळांत शिकलेली, दख्खनी गीते कानांनी ऐकलेली पिढी आता नव्वदीच्या घरात आहे. भोकरदन, परतूर, अंबड, मंठा या तालुक्यांतल्या गावांत अशी माणसे अजून हयात आहेत, त्यांत वृद्ध स्त्रियाही आहेत, आणि जात्यावरच्या ओव्या व चक्कीनामे दोन्ही म्हणणाऱ्या दोन घरांतल्या दोन आज्या एकाच गल्लीत सापडाव्यात, हे आपल्या भागात अशक्य नाही. बंटिंगसारखा एखादा तरुण, वही आणि ध्वनिमुद्रण-यंत्र घेऊन, जालना जिल्ह्यातील महाविद्यालयांनी या कामाला लावला पाहिजे, आणि ते येत्या दोन-चार वर्षांत झाले पाहिजे. बेलफास्टच्या मेळ्याला दहा-अकरा वादक तरी जमले होते.